कवठाळीच्या पाण्याचा नमुना

माघ सरला आणि कवठाळीच्या बौद्धवाड्यातला हापसा दम टाकायला लागला. शंभर वेळा दांडा मारावा तेव्हा एक घागर भरायची. बाया आळीपाळीनं दांड्याला लोंबकळायच्या, आणि एवढं करून येणारं पाणी तरी कसलं, तर घोट घेतला की तोंड वाकडं व्हावं असलं. तुरीची डाळ त्यात दोन-दोन तास रटरटायची आणि दाणा तसाच कडक राहायचा. साबण घासून घासून झिजायचा, फेस म्हणून काही येत नसे. घागरीच्या आत नखभर जाडीची पांढरी खपली धरायची. सुमनबाई ती दर पंधरा दिवसांनी विळीच्या टोकानं खरवडून काढायची.

सुमनबाईची लेक पंचशीला लातूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला होती. विषय रसायनशास्त्र. आठवडाभर मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी यायची. वस्तीतून मॅट्रिकच्या पुढे गेलेली पोर ही पहिलीच, त्यामुळे ती काय शिकते याची चौकशी सगळ्यांना होती आणि पत्ता कुणालाच नव्हता. कुणी म्हणे औषधं करायला शिकते, कुणी म्हणे बॉम्ब. तिचा बाप ग्यानोबा विचारणाऱ्याला एवढंच सांगायचा, "मोजायचं शिकायली पोरगी. थेंब-थेंब मोजते." यात त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं.

ग्यानोबा हमीच्या कामावर होता. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं दिवसभर घण मारून तो दगड फोडायचा. तलावात पाझरायला पाणी कुठून येणार हे कुणी विचारत नव्हतं. एका दुपारी मुतखड्याची कळ येऊन तो फोडलेल्या दगडांवरच पालथा पडला. चाकूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गोडं पाणी भरपूर प्यायचं. हापशाचं जड पाणी बंद." डॉक्टरांना सांगायला काय जातंय! गोडं पाणी गावात एकाच ठिकाणी होतं, सरपंच शेषेरावांच्या मळ्यातल्या विहिरीला.

म्हणून सुमनबाई शेषेरावांची करडई काढायला जायची. मजुरी इतर बायांपेक्षा कमी आणि वर एक घागर पाणी, अशी बोली होती. करडईच्या काट्यांनी तिचे हात मनगटापर्यंत सोलून निघालेले असायचे. दिवस कलला की शेषेरावांची बायको केवळाबाई विहिरीच्या काठावर येऊन उभी राहायची. गडी पोहरा ओढायचा आणि सुमनबाईच्या घागरीत हातभर उंचीवरून ओतायचा. चौथा हिस्सा पाणी मातीत जायचं. एकदा सुमनबाई म्हणाली होती, "जरा खाली धरा की, भाऊ." तेव्हा केवळाबाई हसली होती. "हाताला सवय हाय बाई, कवाची."

ही घागर एकट्या ग्यानोबाची. सुमनबाई त्यातला घोट घेत नसे, पंचशीलाही नाही. मात्र दारात पाहुणा आला की हा नियम मोडायचा. एसटीची वाट पाहत टेकलेला अनोळखी माणूस असला तरी त्याला पेला भरून मिळायचा तो याच घागरीतला. हापशाचं पाणी तिनं आजवर कुणा परक्याच्या हातात दिलं नव्हतं. नवरा कळांनी लोळत असताना ही बाई पाहुण्यांना गोडं पाणी पाजते, म्हणून शेजारच्या नागुबाईनं नाक मुरडून पाहिलं, पण सुमनबाई बधली नाही.

लातूर जिल्हा होऊन तिसरं साल चालू होतं. पाट्या नव्याकोऱ्या, कचेऱ्या भाड्याच्या घरांत, आणि कागदांची कपाटं अजून जुन्या जिल्ह्याहून येतच होती. पाणी तपासायची सोय तर तिकडेच राहिली होती. त्यात दुष्काळ. कुठल्या गावाला टँकर द्यायचा आणि कुठल्या नाही, यावरून रोज तक्रारी. शेवटी पाणी खात्यानं कॉलेजच्या रसायन विभागाला गळ घातली, आणि बिराजदार सरांनी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना कामाला लावलं. ज्यानं त्यानं आपल्या गावच्या पाण्याचा नमुना आणायचा, त्याचा कठीणपणा मोजायचा आणि जर्नलमध्ये लिहायचा. लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्यालायक नाही. तशी यादी कचेरीत जाणार आणि त्या गावाला टँकर सुरू होणार.

हे ऐकल्यापासून पंचशीलाचा पाय जमिनीवर नव्हता. तीन वर्षं वस्ती तिला विचारत होती, शिकून काय करणार म्हणून. आता साठ घरांच्या दारात टँकर उभा राहणार होता आणि तो तिच्या आकड्यावर येणार होता.

रविवारी तिनं दोन लिटरची काचेची बाटली डिस्टिल्ड वॉटरनं विसळून आणलेली माईपुढे ठेवली.

"माय, उद्या सकाळी हापशावर तुझा नंबर आला की ह्यात पानी भर. आधी थोडं सांडून दे, मग भर. बूच घट्ट लाव."

"मी भरते. तू भाकरी टाक, न्हाईतर एसटी चुकंल." सुमनबाईनं बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "लई स्वच्छ हाय की. कोन बगनार हे?"

"मी तपासनार. सर बगतेत. सगळी पोरं-पोरी असतेत."

"सगळ्यांसमोर?"

"हाव."

सुमनबाईनं बाटली जपून कोनाड्यात ठेवली. सकाळी पंचशीला भाकरी थापत असताना तिनं भरलेली बाटली पदरानं पुसून पिशवीत उभी ठेवली.

प्रयोगशाळेत त्या दिवशी नळाला पाणी नव्हतंच. परिचर गुंडप्पा डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनजवळ पहाऱ्याला बसल्यासारखा बसला होता. तो उदगीरकडचा, बोलणं तोडून टाकणारं. "एकाला दोन बाटल्या. आंघोळी करू नका त्यानं."

पंचशीलानं पिपेटनं पन्नास मिली नमुना फ्लास्कमध्ये घेतला, बफर घातलं, चिमूटभर दर्शक टाकला. पाणी जांभळट लाल झालं. वर ब्युरेटच्या खुणा केलेल्या नळीत ईडीटीएचं द्रावण शून्यावर लावलेलं. पाण्यात जेवढा जडपणा, तेवढं हे द्रावण खर्च होणार, आणि जडपणा संपला की लाल जाऊन निळा रंग येणार. डाव्या हातानं कळ फिरवत, उजव्या हातानं फ्लास्क हलवत ती मनाशी म्हणत होती की निदान पन्नास मिलीपर्यंत तरी जाईल.

नऊवर निळा रंग आला.

तिला वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्यांदा घेतलं, नऊ पूर्णांक एक. तिसऱ्यांदा घेतलं, नऊ पूर्णांक एक. लिटरला एकशे ब्याऐंशी. इतकं हलकं पाणी तर लातुरातसुद्धा कुणाच्या नळाला नव्हतं.

बिराजदार सर मागे येऊन उभे राहिले. गोरेपान, खिशाला तीन पेनं, बोलायला कडक. पोरांवर माया करायचे, पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

"किती?"

"नऊ पूर्णांक एक, सर. पण सर, आमचं पाणी असं नाही. डाळ शिजत नाही त्यात."

"डाळीला विचारलं का मी? तीन रीडिंग जुळतात ना?"

"हो."

"पहिल्या वर्षापासून काय सांगतो? मनानं रीडिंग लिहायचं नाही. जे दिसतं ते लिही." मग त्यांनी तिची जर्नल हातात घेऊन शेजारच्या टेबलावरच्या पोरांना दाखवली. "बघा, असं काम पाहिजे. तिन्ही रीडिंग एका रेषेत."

पंचशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या पोरांत सरांनी तिची जर्नल अशी वर धरलेली ही पहिलीच वेळ. शंका मनात होती, पण कौतुक गोड लागलं, आणि तिनं निळ्या शाईनं आकडा लिहून टाकला. या एका गोष्टीबद्दल तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

शनिवारी ती एसटीतून उतरली तेव्हा हापशापाशी बाया उभ्या होत्या. एरवी "आली का गं पंचे" म्हणणाऱ्या, आज एकीनंही तोंड उघडलं नाही. नागुबाईनं तेवढं दांडा मारता मारता विचारलं, "गोड हाय म्हनं आमचं पानी? ये, पेलाभर पी."

घरात ग्यानोबा भिंतीला टेकून बसला होता, बरगड्यांखाली हात दाबून. त्यानंच सांगितलं. ग्रामसेवक व्यंकट यानं सकाळी चावडीवर यादी वाचून दाखवली. कवठाळी, हापसा, पिण्यास योग्य, टँकरची गरज नाही. शेषेराव तिथंच बसले होते. ते म्हणाले, "घ्या. तुमच्याच पोरीनं तपासलं. आता सरकारला बी बोल लावायला जागा न्हाई."

"बा, मी तीनदा मोजलं. नऊच येत होतं."

"मग आलं असंल."

"पर आपलं पानी तसं न्हाई ना. मला काय उमगंना झालंय." ती माईकडे वळली. "माय, बाटली तू हापशावरच भरलीस ना?"

सुमनबाई चुलीपुढे होती. फुंकणी खाली ठेवून तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी केल्याची खूण नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

"हापशावर कशाला भरू? घागरीतलं भरलं. बाच्या."

पंचशीलानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माय, हापशाचं भर म्हनले व्हते मी."

"म्हनली व्हतीस. पर एवढी चकचकीत बाटली, तुझं नाव चिकटवलेली. सगळ्या पोरा-पोरींसमोर मांडनार, सर बगनार. त्यात ते मचूळ, पांढरं पानी कसं घालू? मानसं म्हनली असती, असल्या घरची हाय व्हय ही. लोकाच्या दारी जायचं पानी हाय ते, पोरी. तुझ्या बानं दोन दिस कमी पिलं त्यापायी."

ग्यानोबानं मान डोलावली. त्याला हे माहीत होतं, आणि त्यालाही त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पंचशीलाला रागावावंसं वाटलं, पण रागावणार कुणावर! हिला कुणी कधी सांगितलं होतं की घाण पाणी मुद्दाम दाखवायचं असतं? आणि आपण तरी कुठं समजावलं होतं? सांडून भर, बूच लाव, एवढंच आपण म्हणालो. वाईट पाणीच का हवं, हे सांगायचं आपल्याला सुचलंच नाही. तिला रडू फुटलं.

झालं काय ते तिनं दोघांना नीट सांगितलं. सुमनबाई चुलीपुढे ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचा हात हलला नाही.

"म्हंजे माज्यापायी टँकर हुकला," ती शेवटी म्हणाली.

"सरांना सांगते मी. दुसरा नमुना घ्या म्हनते."

ग्यानोबा सावरून बसला. "सांगशील. मग इचारतेल, ते गोडं पानी कुनाचं? शेषेरावाच्या हिरीचं. त्याच्या पान्यानं कचेरीला फसवलं, असं व्हनार. आन् टँकर आल्यावर त्याच्या करडईला निम्म्या मजुरीत कोन जातंय? त्यो काय खुळा हाय व्हय." नामांतराच्या साली याच वस्तीच्या पत्र्यांवर दगड पडले होते, तेव्हा पंचशीला शाळेत होती. त्या दिवसापासून ग्यानोबा शेषेरावांचं नाव घेताना आवाज खाली आणायचा.

"मग काय करू, बा?"

त्यानं पायाच्या फुटलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "सांग," तो म्हणाला. "माजी एक घागर जाईल. साठ घरं हायती."

सुमनबाई उठून तिच्याजवळ आली. "सांग बाई. पर माजं नाव नगं घिऊ. अडानी आयनं असं केलं म्हनून तुलाच हसतेल."

सोमवारी प्रयोगशाळा सुटल्यावर पंचशीला सरांच्या केबिनीत जाऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेईपर्यंत बिराजदार सरांनी पेन खाली ठेवलं नाही.

"यादी कलेक्टर कचेरीत गेली. माझ्या सहीनं. आणि आता तू सांगतेस नमुनाच खोटा?"

"चुकून दुसऱ्या विहिरीचं पाणी आलं, सर."

"कुणी भरलं?"

"मी, सर."

"तू? तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी? पाणी कुठलं आणि भरलं कुठलं, एवढं कळलं नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. "उद्या कचेरीतले म्हणतील, पोरीनं आधी नीट मोजलं आणि मग वस्तीवाल्यांनी दबाव आणला. कुणाला काय उत्तर देऊ मी?"

ती खाली मान घालून उभी राहिली. सरांनी जर्नल मागून घेतली, ते पान काढलं आणि पट्टी धरून तांबड्या शाईची तिरकी रेघ मारली. खाली लिहिलं, नमुना अग्राह्य.

"पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची प्रॅक्टिकल आहे. हे पान निकाली लागल्याशिवाय मी ही जर्नल सर्टिफाय करणार नाही. जर्नल नाही तर परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना?"

"हो, सर."

"गुरुवारी मी पाणी खात्याच्या इंजिनिअरला घेऊन येतो. पंचांसमोर नमुना घेऊ. रीडिंग मी घेईन. तू हात लावायचा नाहीस."

बाहेर गुंडप्पा कपाटाला कुलूप लावत होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. त्यानं डिस्टिल्ड वॉटरची भरलेली बाटली तिच्या हातात दिली. "नमुन्याची बाटली धुवायला. हे हिशेबात धरत नाही मी."

पंच म्हणजे सरपंच, त्यामुळे कचेरीचा निरोप शेषेरावांकडेच आला, आणि आधीच्या बाटलीत दुसऱ्या विहिरीचं पाणी होतं हेही त्यांना कळलं. मंगळवारी सुमनबाई करडईवरून परतली ती रिकामी घागर घेऊन. दिवसभर काम करून ती विहिरीपाशी जाऊन उभी राहिली, तर गड्यानं पोहरा ओढून बैलांच्या दोणीत ओतला. केवळाबाई म्हणाली, "आमचं पानी बाटलीत भरून लातूरला धाडलंव म्हनं. आता टँकरचंच प्या." बाकीच्या बाया कडेनं निघून गेल्या. सुमनबाईनं घागर परत डोक्यावर घेतली आणि भरलेली असल्यासारखी एका हातानं सावरत वस्तीत आली.

ग्यानोबाच्या घागरीत तांब्याभर पाणी उरलं होतं. त्यानं त्याला हात लावला नाही. बुधवारी तो हापशाचं पाणी पिऊन कामावर गेला, आणि दुपारी दोघांनी धरून त्याला घरी आणून सोडलं. कळा थांबल्या तेव्हा तो घामानं निथळत होता. सुमनबाई तांब्या घेऊन आली.

"असू दे," तो म्हणाला. "उद्या मानसं येनारेत."

पंचशीला गुरुवारी सकाळच्या एसटीनं आली. अकराच्या सुमारास धुरळा उडवत जीप हापशापाशी थांबली. बिराजदार सर उतरले, मागून पाणी खात्याचा तरुण इंजिनिअर, बगलेत फाईल, कॉलर घामानं काळी झालेली. शेषेराव आणि ग्रामसेवक व्यंकट आधीच येऊन थांबले होते. अख्खी वस्ती गोळा झाली होती, पण हापशापासून चार हात लांब.

"चला साहेब, उन्हाचं आलाव, आधी मळ्यात चहा-पानी घेऊ," शेषेराव म्हणाले. "नमुना काय, पळून जातोय व्हय. व्यंकट भरून आनील."

"आधी काम," सर म्हणाले. इंजिनिअरनं मात्र मळ्याच्या झाडांकडे एकदा आशेनं पाहिलं.

सरांनी स्वतः बाटली धरली. नागुबाईनं दांडा मारला. पंचवीस, तीस, चाळीस. पाण्याची करंगळीएवढी धार आली. सरांनी बाटली तीनदा विसळली, भरली, बूच लावलं, लाखेनं बंद केली. कागदावर इंजिनिअरनं सही केली. शेषेरावांपुढे कागद आला तेव्हा त्यांनी चष्मा शोधला, खिसे चाचपले, मग म्हणाले, "सही करतो. पर साहेब, एक इचारा. आधीचं पानी कुनी बदललं? सरकारला फसवायचा गुन्हा कुनाचा? कागदावर ते बी येऊ द्या."

इंजिनिअरनं सरांकडे पाहिलं. सरांनी पंचशीलाकडे. "हिनं भरलं होतं," ते म्हणाले. "कबूल केलंय तिनं. त्याची शिक्षा कॉलेज देईल."

सुमनबाई बायांच्या मागे उभी होती. हे ऐकून तिनं लेकीकडे असं पाहिलं की पंचशीलाला मान वळवावी लागली. मग ती बायांना बाजूला सारत पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला नव्हता, कंबरेला खोचला होता.

"तिनं न्हाई भरलं, सर. मी भरलं."

"माय..."

"थांब गं. मी भरलं सर. पोरीनं हापशाचं सांगितलं व्हतं. मला असलं पानी बाहेरच्या मानसाम्होरं मांडायची लाज वाटली. म्हनून घरच्या मानसाच्या तोंडचं गोडं पानी घातलं. सरपंचाची हीर, पर पानी माजं व्हतं. दिसभर करडई काढून मिळवलेलं. फसवायचं न्हवतं कुनाला." ती क्षणभर थांबली. "तिची वही आडवू नगा."

बिराजदार सरांनी खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला. इंजिनिअर उगाच फाईलची दोरी सोडत-बांधत राहिला. ऊन मी म्हणत होतं. "पाणी मिळेल का जरा?" त्यानं विचारलं ते शेषेरावांना की व्यंकटला, त्याचं त्यालाच कळलं नसावं.

"मळ्यात चला की," शेषेराव म्हणाले.

पण सुमनबाई तोवर घराकडे वळली होती. पंचशीला तिच्यामागे आत गेली. कोपऱ्यात ग्यानोबाची घागर, तीत तो तांब्याभर राखून ठेवलेला. दुसऱ्या कोपऱ्यात हापशाची घागर. सुमनबाईनं दोन पितळी पेले राखेनं घासून ठेवलेले घेतले आणि सवयीनं ग्यानोबाच्या घागरीकडे वाकली. तिथं तिचा हात थांबला. ग्यानोबा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता. ती उठली, दुसऱ्या कोपऱ्यात गेली, आणि हापशाच्या घागरीतून पेले भरले.

बाहेर येऊन तिनं एक पेला इंजिनिअरपुढे धरला, एक सरांपुढे. शेषेरावांचं लक्ष दोघांच्या हातांकडे होतं. ही माणसं वस्तीतलं पाणी घेतात का, हेही त्यांना बघायचं असावं. इंजिनिअरला तहान लागली होती. त्यानं पेला घेतला आणि मोठा घोट भरला. तोंड तसंच राहिलं. गिळावं की थुंकावं ते त्याला कळेना. एवढी माणसं बघत होती, म्हणून त्यानं गिळलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेला पेला कुठं ओतावा म्हणून तो आजूबाजूला बघायला लागला.

"सांडू नगा, साहेब," सुमनबाई म्हणाली. "आमी हेच पितो."

बिराजदार सरांनी पेला तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला, न थांबता. रिकामा पेला त्यांनी सुमनबाईच्या हातात दोन्ही हातांनी परत दिला. इंजिनिअरनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग तोही पुरा प्याला. मळ्यातल्या चहाला दोघं गेले नाहीत. शेषेरावांनी सही केली, आणि चष्मा खिशातच होता हे सगळ्यांना दिसलं.

जीप गेली. वस्तीतल्या बाया सुमनबाईभोवती जमल्या, नागुबाईनं तिचा हात धरला. सुमनबाई मात्र उंबऱ्यावर बसून हातातल्या रिकाम्या पेल्यांकडे बघत होती.

"दारी आलेल्या मानसाला असलं पानी दिलं मी," ती म्हणाली. "जल्मात पहिल्यांदा." आणि तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली. पंचशीला तिच्या शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी स्वतः रीडिंग घेतलं. पन्नासवर ब्युरेट संपलं तरी फ्लास्कमधलं पाणी लालच होतं. गुंडप्पानं द्रावणाची बाटली आणून दिली, सरांनी ब्युरेट परत भरलं. एकूण पंचावन्न पूर्णांक चार. लिटरला अकराशे आठ. सरांनी तांबडी रेघ मारलेल्या पानाच्या पाठीवर तो आकडा तिला लिहायला लावला आणि खाली सही केली. "हे पान फाडू नकोस," ते म्हणाले. "बाहेरचे परीक्षक विचारतील, रेघ कशाची. तेव्हा जे घडलं ते सांग. आईचं नावसुद्धा सांग."

परीक्षकांनी विचारलं. तिनं सांगितलं.

टँकर आला तो त्यानंतरच्या शनिवारी. पंचशीला परीक्षा देऊन गावी आली होती. लेझीम नाही, नारळ नाही, नुसती भांड्यांची रांग आणि आरडाओरडा. नळी सुटली तशी सुमनबाईनं घागर भरून घरात नेली. ती घरातून परत बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घासलेला पितळी पेला होता, काठोकाठ भरलेला. गर्दीतून वाट काढत ती टँकरच्या पुढच्या बाजूला गेली. ड्रायव्हर पायरीवर बसून बिडी ओढत होता.

"घ्या, दादा. प्या."

तो हसला. "मावशी, मीच आणलंय की हे पाणी."

"असू द्या," सुमनबाई म्हणाली. "दारी आलाव."

त्यानं बिडी विझवली, उठून उभा राहिला आणि पेला घेतला. तो पिऊन होईपर्यंत सुमनबाई त्याच्या तोंडाकडे बघत तिथंच थांबली.